सातवा जीव

विमावाल्या प्रणोतीताई नागपूरहून आल्या
तेव्हा लाइन गेलेली होती,
म्हणून त्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं.
एरवी राइस मिलच्या घरघरीत
आम्ही हातांनीच बोलतो:
एक बोट म्हणजे पोतं, दोन म्हणजे चहा,
आडवा तळहात म्हणजे थांब.

परवाच्या हंगामात दुर्योधनने तळहात आडवा केला होता.
मला दिसला नाही.
पट्ट्याने दोन बोटं नेली.
ब्रह्मपुरीच्या दवाखान्याचं बिल मी भरलं, निम्मं.
उरलेलं निम्मं त्याच्या नावावर उचल म्हणून लिहिलं.
अजून फिटलेलं नाही. वही माझ्याकडेच असते.

"समूह विम्याला कमीत कमी सात जीव लागतात,"
ताई म्हणाल्या.
जीव. कागदावरही तसंच छापलेलं.
मी मोजले: यादव, दुर्योधन, शामराव,
अनुसया, पपिता, मी.
सहा.

"नवरा अन् दोन लेकरं त्यात येतात,"
ताई फॉर्म उलटत होत्या.
अनुसया गेडाम कोंड्याच्या ढिगावरून उठली.
"नवरा सोडून गेला जी. त्याच्या जागेवर सासू घाला.
तिले दम्याचा तरास हाय. तो तर ठनठनीत हाय मेला."
नियमात बसत नाही, ताई म्हणाल्या.
"मंग नियम कोनाच्या घरचा हाय?"
ताई हसल्या नाहीत, हे मला आवडलं.
त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून घेतलं:
सासू, विचारणे.

मग आधार कार्डं.
यादवचा जन्म एक जानेवारीचा.
शामरावचा एक जानेवारीचा. पपिताचाही.
"एकाच दिवशी सगळे?" ताईंनी विचारलं.
"मास्तरले घाई होती जी," शामराव म्हणाला.

सातवा कुठून आणायचा?
मेव्हण्याचं नाव टाकू, मी मनात म्हणालो,
तो कुठे तपासायला येतो.
तेवढ्यात काट्यामागे कोणीतरी खोकलं.

महागू.
बाबांच्या वेळेपासून फाटकाशी बसलेला,
पोती शिवणारा, चिमण्या हाकलणारा,
संध्याकाळी कणकीची पिशवी घेऊन जाणारा महागू सोनुले.
मी त्याला कधी पगार दिला नाही.
कमी दिला असं नाही. दिलाच नाही.
कणकी, चहा, दिवाळीला धोतर,
असं चालत आलेलं होतं, अन् मी चालू दिलं.

"हे कामगारच ना?" ताईंनी विचारलं.
"मस्टरवर नाव पाहिजे."
लाइन अजून आली नव्हती.
सगळे माझ्याकडे बघत होते,
महागू सोडून. तो सुईत सुतळी ओवत होता.

"वयाने यांचा हप्ता महाग पडेल," ताई म्हणाल्या.
"नावच महागू हाय ना माहं," तो म्हणाला.
"माह्या आधीचे चार गेले.
माय म्हने, हा लय महाग पडला."

सॉर्टर घ्यायला ठेवलेले पैसे होते.
यंदा तांदळात काळा दाणा जाईल,
व्यापारी भाव पाडेल,
मी घरी काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

मस्टर काढलं.
शामरावच्या खाली लिहिलं: महागू फकिरा सोनुले.
रुजू तारीख या रकान्यात पेन थांबलं.
"कोन्त्या साली आलास रे?"
"तू रांगत होतास," तो म्हणाला.
मी आजची तारीख टाकली.
खोटी होती, पण दुसरी मला लिहिता आली नसती.

कार्डं यायला महिना लागला.
अनुसयाच्या सासूचं उत्तर अजून आलेलं नाही.
दुर्योधनची उचल मी त्याच्यासमोर खोडली,
तो काही बोलला नाही,
तीन बोटांनी बिडी पेटवत राहिला.

महागूने कार्ड सुतळीत ओवून गळ्यात घातलंय.
सकाळी फाटक उघडतो
तेव्हा तो आतल्या बाजूला उभा असतो.
मिल सुरू व्हायच्या आधी,
जोवर आवाज ऐकू येतो तोवर,
कोणी विचारलेलं नसताना म्हणतो,
"हाजिर हाव जी."
मी वही उघडतो.